डॉक्टरांचा सहाय्यक : नाव, शिक्षणक्रम आणि रुग्णाची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

गेल्या उन्हाळ्यात विभागाची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. ती मूळची वणीची. तिच्या धाकट्या भावाने जीवशास्त्र घेऊन बारावीची परीक्षा दिली होती. एम.बी.बी.एस.च्या प्रवेशास पुरतील इतके गुण त्याला मिळाले नव्हते, आणि कोणीतरी त्याच्या हाती ‘फिजिशियन असिस्टंट’ नावाच्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक दिले होते. तिने तीन प्रश्न विचारले. हा अभ्यासक्रम म्हणजे नेमके काय? तो पुरा केल्यावर भावाला लोक काय म्हणतील? आणि हे शिकून तो वणीला परत येऊ शकेल का?

पहिला प्रश्न शिक्षणाचा, दुसरा नावाचा आणि तिसरा उपजीविकेचा. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने फार तर दुसऱ्याचे उत्तर द्यावे आणि उरलेले दोन जाणकारांवर सोपवावेत, हे रीतीला धरून झाले असते. परंतु विचार करू लागताच असे दिसून आले की हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांची गाठ जेथे पडते ते स्थळ भाषेच्याच प्रांतात आहे. डॉक्टर नव्हे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा मनुष्य कसा घडविला जातो, त्याला आजवर कोणकोणती नावे मिळाली, आणि त्याच्या शिक्षणात कोणता विषय राहून गेला आहे, ह्याचा थोडक्यात परामर्श घेणे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२. जुनी परंपरा

अशा मधल्या पायरीवरच्या माणसाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कंपनी सरकारने १८२२ मध्ये कलकत्त्यास ‘नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन’ काढली. तेथे देशी भाषांतून शिकून बाहेर पडणाऱ्यास ‘नेटिव्ह डॉक्टर’ म्हणत. ती संस्था १८३५ मध्ये मोडली आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकविणारे मेडिकल कॉलेज आले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, तेही इंग्रजी माध्यमाचे. तथापि दवाखान्यांना माणसे पुरेनात, म्हणून १८६० नंतरच्या दशकात त्याच कॉलेजाला जोडून मराठी आणि गुजराती भाषांतून शिकविणारे वर्ग उघडावे लागले. ह्या वर्गांशी संबंध असलेल्या अध्यापकांत डॉ. सखाराम अर्जुन हे एक होते, आणि त्यांनी वैद्यकावर मराठीत ग्रंथरचनाही केली. वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण मराठीतून देण्याचा एक गंभीर प्रयत्न आपल्याकडे झाला, आणि तो डॉक्टरांसाठी नसून त्यांच्या सहाय्यकांसाठी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ह्या वर्गाच्या माणसांची नावे कशी बदलत गेली हे पाहणे उद्बोधक ठरेल. आरंभी ‘नेटिव्ह डॉक्टर’, पुढे ‘हॉस्पिटल असिस्टंट’, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सब-असिस्टंट सर्जन’. पहिल्या नावात ‘डॉक्टर’ हा शब्द आहे, पण त्याला जातीवाचक विशेषण लावून त्याची किंमत उतरविली आहे. दुसऱ्यात ‘डॉक्टर’ गेला आणि ‘सहाय्यक’ आला. तिसऱ्यात ‘सर्जन’ ही मोठी पदवी आली खरी, पण तिच्या आधी ‘सब’ आणि ‘असिस्टंट’ अशा दोन पायऱ्या बसविल्या गेल्या. काम बहुतांशी तेच राहिले, झगडा चालला होता तो नावाशी. पुढे येणाऱ्या वादांचे बीज येथेच आहे.

वणीपुरते बोलावयाचे तर वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्याच नावाने ओळखला जाई, आणि १९०५ मध्ये त्याचे नाव बदलले. ह्या प्रांतासाठी नागपूरला १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तेथे पदवी नव्हे, तर ‘लायसेन्शिएट’ म्हणजे परवानाधारक वैद्यकाचे शिक्षण मिळे. एल.एम.पी. ही तीन अक्षरे नावापुढे लावणारे डॉक्टर वऱ्हाडातील तालुक्यांच्या गावी दवाखाने थाटून बसले, आणि जुन्या पिढीतील लोकांच्या बोलण्यात ती अक्षरे अजूनही येतात. मॅट्रिकनंतर थोड्या वर्षांचे शिक्षण, कमी खर्च आणि घराजवळचे गाव हा त्या मार्गाचा विशेष होता.

३. मार्ग बंद झाला

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्या वेळी देशात नोंदलेले डॉक्टर ४७,५२४ होते, आणि त्यांपैकी २९,८७० म्हणजे पाचांतील तीनांहून अधिक परवानाधारक होते. असे असूनही समितीच्या बहुमताने निर्णय दिला की डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, त्याचे शिक्षण विद्यापीठीय पदवीचेच असावे, आणि परवान्याचे अभ्यासक्रम बंद व्हावेत. काही सदस्यांनी भिन्न मत नोंदविले. देश मोठा आहे आणि पदवीधर थोडे आहेत, तेव्हा जो आहे तो मार्ग एकाएकी बंद करू नये, असा त्यांचा आशय होता. परंतु निर्णय झाला तो झालाच. मेडिकल स्कुले एक तर बंद पडली, नाहीतर त्यांची कॉलेजे झाली. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्ये कॉलेज झाले, आणि नागपुरात १९४७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले.

समितीची भूमिका तत्त्वतः उदात्त होती. खेड्यातल्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा हलक्या दर्जाचा डॉक्टर का म्हणून द्यावा, हा तिचा प्रश्न आजही सहज बाजूला सारता येत नाही. तथापि व्यवहारात घडले ते असे की एक पायरी काढून टाकली गेली, आणि तिच्या जागी दुसरी बसेपर्यंत कित्येक दशके गेली. ह्या अवधीत गावाला जे मिळाले ते नोंदणी नसलेल्या चिकित्सकांकडून, जुन्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून आणि उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडून.

गरज मात्र नाहीशी झाली नव्हती. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने गावातील स्वयंसेवक आणि डॉक्टर ह्यांच्यामध्ये ‘आरोग्य सहाय्यकां’ची फळी असावी असे सुचविले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी जामखेडला सुरू केलेल्या कामातून, अल्पशिक्षित स्त्रियाही नीट शिकविल्या तर गावाचे आरोग्य सांभाळू शकतात हे दिसून आले. एकेकाळी वऱ्हाडासमवेत एकाच प्रांतात असलेल्या छत्तीसगढाने २००१ मध्ये तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढून पाहिला. त्याच्या पदवीला काय म्हणावे ह्यावरून वाद झाले, नाव बदलावे लागले, आणि काही वर्षांतच नवे प्रवेश थांबले. तेथून उत्तीर्ण झालेले लोक पुढे ‘रूरल मेडिकल असिस्टंट’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले गेले. येथेही नाव फिरून ‘असिस्टंट’वरच आले.

४. नवा मार्ग : फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण

‘फिजिशियन असिस्टंट’ ही संज्ञा मात्र ह्या परंपरेतून आलेली नाही. ती अमेरिकेतून आली. उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड ह्यांनी १९६५ मध्ये हा शिक्षणक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत चार विद्यार्थी होते, आणि ते चौघेही नौदलाच्या वैद्यकीय सेवेत काम करून आलेले होते. त्यांतील तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. ज्याने प्रत्यक्ष रुग्ण हाताळले आहेत त्याला शास्त्राची बैठक दिली तर तो डॉक्टरांचे पुष्कळसे काम विश्वासाने करू शकेल, हा स्टेड ह्यांचा विचार होता. आज तेथे आधी एक पदवी, मग सुमारे सव्वादोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण असा क्रम आहे. त्याचा पूर्वार्ध वर्गात आणि उत्तरार्ध रुग्णालयाच्या विविध विभागांत जातो. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि पुढेही ज्ञान ताजे असल्याचे ठरावीक मुदतीने सिद्ध करावे लागते.

भारतात हा शिक्षणक्रम १९९२ मध्ये मद्रास मेडिकल मिशन ह्या संस्थेत, हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन ह्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. जन्म हृदयशस्त्रक्रियेच्या दालनात झाल्यामुळे त्याच्यावर मोठ्या रुग्णालयाची छाप राहिली. अमेरिकेत ही कल्पना डॉक्टरांची वाण असलेल्या प्रदेशांची गरज पुढे ठेवून वाढली. आपल्याकडे ती शहरातील विशेषज्ञांच्या हाताखाली वाढली. वणीच्या विद्यार्थ्याने माहितीपत्रक वाचताना हा भेद ध्यानी घेतला पाहिजे.

शिक्षणक्रमाची रूपरेषा साधारणपणे अशी आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन बारावी झाल्यावर प्रवेश मिळतो. पदवी बहुधा चार वर्षांची असते आणि तिचे अखेरचे वर्ष रुग्णालयातील अंतर्वासितेचे असते. आरंभी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, मग विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र, आणि त्यानंतर वैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व बालरोग ह्यांची ओळख करून दिली जाते. ह्या सर्वांबरोबर एक कौशल्य सतत शिकविले जाते, ते म्हणजे रुग्णाचा वृत्तांत घेणे आणि तो सुसंगतपणे लिहून काढणे. रुग्णालयीन मराठीत ह्यालाच ‘हिस्टरी घेणे’ म्हणतात. डॉक्टर येण्यापूर्वी रुग्णाशी बोलणे, त्याची तपासणी करणे, चाचण्यांचे निकाल जुळविणे, शस्त्रक्रियेत साहाय्य करणे आणि नंतरची विचारपूस ठेवणे ही ह्या माणसाची कामे होत. स्वतंत्र दवाखाना काढणे हे त्याचे काम नव्हे. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करतो, आणि ही मर्यादा प्रवेशापूर्वीच स्पष्ट समजलेली बरी.

कायद्याची बाजू अलीकडेच आकारास आली आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा २०२१ मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा वर्ग केले असून त्यांतील एकात ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव आले आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी तीन ते सहा वर्षांत पसरलेल्या किमान ३,६०० तासांची असावी, असे हा कायदा म्हणतो. ह्या व्यवसायाचा सर्व देशासाठी एकसारखा अभ्यासक्रम २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा प्रवेश घेणाऱ्याने संस्थेच्या इमारतीपेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात : पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे की नाही, आणि ती ह्या कायद्याखालील नोंदणीस पात्र ठरते की नाही.

५. गावाकडची दुसरी वाट

उपकेंद्राच्या पातळीवर शासनाने निराळाच मार्ग धरला. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, आणि २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव देण्यात आले. तेथे ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ नेमला जातो. ह्यासाठी नवी पदवी लागत नाही. परिचर्येची किंवा आयुर्वेदाची पदवी असलेल्यांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन ह्या पदावर घेतात, आणि महाराष्ट्रात ह्यांत आयुर्वेदाच्या पदवीधरांचा भरणा मोठा आहे. सपाट प्रदेशात पाच हजार आणि आदिवासी अथवा डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा दंडक असल्यामुळे, वणी, मारेगाव, झरी-जामणी ह्या पट्ट्यातील गावांना सर्वांत जवळचा शिकलेला चिकित्सक बहुधा हाच असतो.

ह्याशिवाय २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. अशांची संख्या परवानाधारक डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक असू नये, अशी अटही तेथे आहे. ह्या कलमावरून डॉक्टरांच्या संघटनांनी त्या वर्षी तीव्र विरोध केला. सात दशकांपूर्वी भोर समितीत जो मतभेद झाला होता, तोच नव्या शब्दांत पुन्हा उभा राहिला असे म्हणावयास हरकत नाही.

सारांश, आज दोन वाटा समोर आहेत. एक फिजिशियन असिस्टंटची : बारावीनंतर सरळ, चार वर्षांची, पण शहरातल्या रुग्णालयाकडे नेणारी. दुसरी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची : आधी परिचर्या किंवा आयुर्वेद, मग अल्प प्रशिक्षण, पण गावाकडे आणणारी. माहितीपत्रकात ह्यांपैकी पहिलीच दिसते.

६. सहाय्यक की सहयोगी?

आता नावाकडे वळू. कायद्यात ‘असोसिएट’ आहे, बाजारात ‘असिस्टंट’ आहे. अमेरिकेतील ह्या व्यावसायिकांच्या संघटनेने २०२१ मध्ये ‘असिस्टंट’ सोडून ‘असोसिएट’ स्वीकारला. ब्रिटनमध्ये ‘असोसिएट’ आधीच रूढ झाला होता. परंतु रुग्णांना समोरची व्यक्ती डॉक्टरच वाटते अशा तक्रारी वाढल्या, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेंग अहवालाने नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करावे अशी शिफारस केली. दोन इंग्रजी भाषक देश एकाच शब्दावर परस्परविरुद्ध दिशांनी निघाले आहेत.

आपल्या वाचकांना ह्यातील भेद समजावून सांगण्याची गरज नाही. सहाय्यक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक ह्यांत किती अंतर आहे, आणि ते काटावयास किती वर्षे लागतात, हे विद्यापीठात प्रत्येकास ठाऊक असते. मराठीत ‘सहाय्यक’ हा शब्द पायरी सांगतो, ‘सहयोगी’ नाते सांगतो. ‘फिजिशियन असोसिएट’ला ‘सहयोगी वैद्य’ म्हटले तर ऐकणारा त्याला वैद्यच समजेल. ‘वैद्यसहाय्यक’ म्हटले तर तसा घोटाळा होणार नाही. कारण समासाचा विग्रह निराळा होतो. ‘वैद्यसहाय्यक’ हा षष्ठी तत्पुरुष आहे, वैद्याचा सहाय्यक. ‘सहयोगी वैद्य’ ह्यात मात्र विशेष्य ‘वैद्य’ आहे आणि ‘सहयोगी’ हे केवळ त्याचे विशेषण. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे चाललेला वाद व्याकरणाच्या अंगाने पाहिला तर विशेष्य कोणते एवढाच आहे.

परंतु रुग्ण समासाचा विग्रह करीत नाही. वणीच्या आठवडी बाजारात कानोसा घेतला तर गळ्यात स्टेथोस्कोप असलेला प्रत्येक पुरुष ‘डाक्टर’, प्रत्येक स्त्री ‘मॅडम’ किंवा ‘सिस्टर’, आणि औषधाच्या पुड्या बांधणारा ‘कंपाउंडर’ आहे. म्हणून विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की तिच्या भावाला लोक ‘डाक्टर’च म्हणतील. ‘मी डॉक्टर नाही, डॉक्टरांचा सहाय्यक आहे’ हे वाक्य त्याला रोज, न कंटाळता, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावे लागेल. ते सांगणे हा त्याच्या व्यवसायनीतीचा भाग आहे.

७. रुग्णाची भाषा

येथवर जो विषय केवळ शिक्षणाचा वाटत होता तो आता भाषेच्या प्रांतात येतो. ह्या सहाय्यकाचे पहिले काम वृत्तांत घेण्याचे. वृत्तांत म्हणजे भाषिक सामग्री. ती चुकीची उतरली तर पुढची तपासणी चुकीच्या दिशेने निघते. तथापि शिक्षणक्रमात रुग्णाच्या बोलीला स्वतंत्र स्थान दिसत नाही. संवादकौशल्य म्हणून जे शिकविले जाते ते पुष्कळदा इंग्रजी संभाषणाचेच असते.

प्रस्तुत लेखकाला ह्याचा प्रत्यय २०१७ मध्ये आला. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या दिवसांत वऱ्हाडी बोलीच्या नोंदी घेण्यासाठी लेखक एका गावी मुक्कामास होता, आणि तेथील एका मजुराला घेऊन जाणाऱ्या मंडळींबरोबर एका रुग्णालयात गेला होता. तेथील तरुण अंतर्वासी कर्तव्यदक्ष होता, पण तो दूरच्या प्रांतातून आलेला. त्याने शिकलेल्या मराठीत विचारले, ‘‘कोणतं औषध घेतलं?’’ मजुराचा बाप एकदम म्हणाला, ‘‘त्यानं काई घेतलं नाई, साहेब.’’ प्रश्न पुन्हा आला, उत्तर पुन्हा तेच आले. मजुराच्या भावाच्या पिशवीत कीटकनाशकाची रिकामी बाटली होती. त्याने ती बाहेर काढली नाही. थोड्या वेळाने एक वयस्क परिचारिका आली आणि तिने विचारले, ‘‘फवारता फवारता औषध बाधलं काय?’’ बाप म्हणाला, ‘‘हो बाई, सकाळपासून औषध मारून रायला होता.’’ आणि बाटली पिशवीतून बाहेर आली. तो मनुष्य पुढे बरा झाला.

ह्या प्रसंगाचा उलगडा ‘औषध’ ह्या एका शब्दात आहे. शेतकऱ्याच्या बोलीत दवाखान्यातली गोळी औषध आहे आणि कपाशीवरचे कीटकनाशकही औषधच आहे. अर्थ ठरवितो तो क्रियापदाने. औषध ‘मारले’ किंवा ‘फवारले’ तर ते शेतातले. औषध ‘लागू पडले’ तर ते दवाखान्यातले. परंतु औषध ‘घेतले’ किंवा ‘प्यायले’ असे म्हणताच तिसरा अर्थ उभा राहतो, तो आत्महत्येचा. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी इतकी घरे उजाड झाली, तेथे ‘कोणतं औषध घेतलं?’ हा प्रश्न बापाच्या कानी आरोपासारखा पडला. त्यामागोमाग पोलीस, पंचनामा आणि गावातली बोलणी त्याला दिसू लागली असतील. अंतर्वासीच्या वैद्यकीय ज्ञानात काहीही उणे नव्हते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषात बाहुल्या आकुंचतात, लाळ व घाम सुटतो, ॲट्रोपिन द्यावे लागते, हे तो जाणत होता. क्रियापद तेवढे त्याला कोणी शिकविले नव्हते.

अशी उदाहरणे पुष्कळ देता येतील. ‘अंगावरून जाते’ असे स्त्री म्हणते तेव्हा ती पाळीच्या रक्तस्रावाविषयी किंवा पांढऱ्या स्रावाविषयी बोलत असते. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे पक्षाघात. एका शब्दाच्या फरकाने रोगी स्त्रीरोगाच्या दालनातून मेंदूविकाराच्या दालनात जातो. ‘घाबरल्यासारखे होते’ ह्यात भय असेलच असे नाही. छातीत धडधड, जीव कासावीस होणे, कधी हृदयविकाराचा आरंभ हे सारे त्या शब्दांत मावते. त्याचे इंग्रजी भाषांतर ‘भीती’ म्हणून नोंदले गेले तर रोग्याचे हृदय तपासावयाचे राहून मन तपासले जाईल. वेदनेचे तर मराठीत बारकाईने वर्गीकरणच झाले आहे. कळ लाटेसारखी येते व जाते, चमक क्षणात निघते, ठणका थांबत नाही, गळू ठसठसते, जखम चुरचुरते. वेदनेच्या ज्या छटा काढून घेण्यासाठी परीक्षकाला पाच प्रश्न विचारावे लागतात, त्या रुग्णाने एका शब्दात दिलेल्या असतात.

वऱ्हाडी बोलीत ह्यावर आणखी एक पदर चढतो. अनेक भाषकांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळे ‘डोये’ होतात, मळमळ ‘मयमय’ होते, जळजळ ‘जयजय’ होते, कळ ‘कय’ होते, आणि गळा ‘गया’ होतो. पुण्यामुंबईकडच्या मराठी विद्यार्थ्यालाही ‘पोटात कय येते’ हे पहिल्या दिवशी कळणार नाही. हिंदी भाषकाला ‘गया’ ऐकून भलतेच काही वाटेल. क्रियापदाच्या रूपांकडेही लक्ष दिले पाहिजे. ‘डोकं दुखते’ आणि ‘डोकं दुखून रायलं’ ह्या दोन वाक्यांत वऱ्हाडी माणूस भेद करतो. पहिल्यात दुखण्याची खोड आहे, दुसऱ्यात ते ह्या क्षणी चालू आहे. दुखणे जुने की आताचे, हा वृत्तांतातील अगदी आरंभीचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर रुग्णाने न विचारता दिलेले असते.

त्याच्याही पलीकडे दुसऱ्या कुळातील भाषा आहेत. वणी, झरी-जामणी, केळापूर ह्या भागांत कोलाम समाजाची वस्ती आहे. त्यांची कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात तिची नोंद आली, आणि वर्धा भागातील कोलामीवर एमेनो ह्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. गोंडीही ह्या भागात बोलली जाते, आणि दक्षिणेस आदिलाबादच्या बाजूने तेलुगु येऊन मिळते. कोलाम स्त्री दवाखान्यात मराठी बोलते ती तिची दुसरी भाषा असते. तिचे थोडके शब्द म्हणजे थोडके दुखणे नव्हे, हे परीक्षकाला सांगितलेले असले पाहिजे. कोलामीचे व्याकरण आपल्या ग्रंथालयांत सत्तर वर्षे आहे. वणीच्या दवाखान्याला उपयोगी पडेल अशी दुखण्याच्या शब्दांची चार पाने मात्र आपल्या विद्येने अद्याप तिच्या हाती ठेवलेली नाहीत. हा दोष वैद्यकाचा नाही, आपला आहे.

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. शिक्षणाचे माध्यम आणि रुग्णाची भाषा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.ची काही पाठ्यपुस्तके हिंदीत आणली गेली, आणि त्यावरून माध्यमाची चर्चा पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातही परिभाषेची थोर कामे झाली आहेत. परंतु परिभाषा शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी घडविलेली असते. ‘अम्लपित्त’ हा शब्द विद्यार्थ्याला शिकविल्याने त्याला ‘जयजय’ कळू लागत नाही. एम.बी.बी.एस.च्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात आरंभी स्थानिक भाषेच्या ओळखीसाठी काही तास राखले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ज्या सहाय्यकाचे मुख्य काम वृत्तांत घेण्याचे, त्याला ती गरज डॉक्टरांहूनही अधिक आहे.

८. समारोप

ग्रँट कॉलेजच्या मराठी वर्गात सहाय्यकाची आणि रुग्णाची भाषा एक होती, पण शास्त्र अपुरे होते. आजच्या शिक्षणक्रमात शास्त्र पुरेसे आहे, पण भाषा मध्येच कोठेतरी गळाली आहे. दोन्ही एकत्र आणण्यास मोठा खर्च लागत नाही. फिजिशियन असिस्टंट आणि समुदाय आरोग्य अधिकारी ह्या दोघांच्याही प्रशिक्षणात रुग्णसंवादाची एक सत्राची अभ्यासपत्रिका असावी. ती ज्या जिल्ह्यात काम करावयाचे तेथील बोलीवर आधारलेली असावी, आणि तिचे धडे जुन्या आरोग्यसेविका व परिचारिका ह्यांच्याकडून गोळा करावेत, कारण हा कोश आज त्यांच्याच मुखी आहे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी एकेक तालुका घेऊन दुखण्याच्या शब्दांची, त्यांना लागणाऱ्या क्रियापदांची आणि ते वर्ज्य असणाऱ्या प्रसंगांची नोंद केली, तर पाच-सात वर्षांत वऱ्हाडापुरते साधन तयार होऊ शकेल. केवळ शब्दसूची पुरणार नाही. ‘औषध’ हा शब्द प्रत्येक सूचीत आहेच; त्या दिवशी अडले ते ‘घेणे’ ह्या क्रियापदापाशी.

विद्यार्थिनीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. तिचा भाऊ हे शिकून वणीला परत येऊ शकेल का? जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला १९८९ पासून आहे, ते वणीहून शंभर किलोमीटरच्या पुढे. त्याहून जवळच्या चंद्रपुरास २०१५ मध्ये एक महाविद्यालय झाले. मोठी रुग्णालये जेथे आहेत तेथेच फिजिशियन असिस्टंटला आज काम आहे, आणि वणीसारख्या तालुक्याच्या गावी त्याच्यासाठी निश्चित पद असल्याचे दिसत नाही. म्हणून परत येणे हाच ज्याचा पहिला हेतू असेल त्याने परिचर्येच्या पदवीची वाट आधी तपासावी, असे तिला सांगितले. शस्त्रक्रियागृहाची ओढ असेल तर पहिला मार्गही उत्तम आहे. तेथेही वणीकडचे रुग्ण नागपूर-चंद्रपूरच्या खाटांवर त्याला भेटतीलच.

त्यांच्यापाशी बसून ‘मयमय होऊन रायली काय?’ असे विचारू शकणारा मुलगा तेथे असेल, तर तो डॉक्टरांचा सहाय्यक असो की सहयोगी, रुग्णाला त्याचा उपयोग होईल. ती विद्या त्याला घरीच मिळाली आहे. शिक्षणक्रमाने ती त्याच्याकडून पुसून टाकू नये, एवढीच अपेक्षा.